आतली कुंपणं काढली, आता वेशीची राखण कोणाकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रेक्झिट झालं, ग्रीसचं दिवाळं निघता निघता राहिलं, निर्वासितांवरून भांडणं झाली, युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, देशोदेशी महासंघाच्या विरोधात बोलणारे पक्ष वाढले. मग युरोपीय महासंघ टिकणार की फुटणार? शिवाय स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात राजकीय, आर्थिक आणि सुरक्षाविषयक आव्हानांच्या तीन वेगवेगळ्या याद्या दिल्या आहेत, त्या पाठ होतात पण एकमेकींशी जुळत नाहीत, असंही तुम्ही लिहिलं आहे.

मी गेली २२ वर्षं रॉटरडॅममध्ये कस्टम्स एजंटचं काम करतो. भारतातून येणारी द्राक्षं, हळद, तीळ, कापड, यंत्रांचे सुटे भाग बंदरातून सोडवून पुढच्या देशात पाठवणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे मला युरोप बंदराच्या दारातून दिसतो, आणि माझ्या उत्तराची मर्यादाही तीच आहे. पॅरिसच्या मंत्रालयातून किंवा लिथुआनियाच्या सीमेवरच्या गावातून तो वेगळा दिसेल.

पण त्या तीन याद्या एकमेकींशी का जुळत नाहीत, हे मात्र मी सांगू शकतो. त्यांच्या तळाशी एकच अडचण आहे आणि पुस्तकं ती बाजूला ठेवून नुसती लक्षणं मोजतात. माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते: सीमा नाहीशी होत नाही, ती सरकते. गावात घराघरांची कुंपणं काढून टाकली की गावाची वेस महत्त्वाची होते. वेशीजवळ ज्याचं घर, त्याच्यावर सगळ्या गावाची राखण येते. मग तीन प्रश्न उभे राहतात. राखणीचा खर्च गाव वाटून घेणार का? राखणदार झोपला तर त्याला जाब कोण विचारणार? आणि वेशीवर काय अडवायचं, काय सोडायचं, हे ठरवणार कोण? युरोपने जिथे या तिन्हींची उत्तरं दिली तिथे एकीकरण घट्ट आहे. जिथे कुंपण काढलं पण उत्तर पुढे ढकललं, तिथे आज ना उद्या संकट आलंच.

आधी घट्ट बसलेली गोष्ट दाखवतो, कारण तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. न्हावा शेव्याहून द्राक्षांचा कंटेनर रॉटरडॅम बंदरातल्या मासव्लाक्टेच्या धक्क्यावर उतरतो. त्यावरचं आयात शुल्क मी इथेच भरलं आणि माल मोकळा केला, की तो वॉर्सात जावो नाही तर व्हिएन्नात, वाटेत त्याच्याकडे कोणी शुल्क मागत नाही. शुल्काचा दर सगळीकडे एक आहे. १ जुलै १९६८ पासून, म्हणजे सहाच देश होते तेव्हापासून, ही पद्धत आहे. कीटकनाशकांच्या अंशाची मर्यादाही आता सगळीकडे सारखी आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडकली होती, ते नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना आठवत असेल.

आता पैशाकडे पाहा. रॉटरडॅमला भरलेलं शुल्क नेदरलँड्सचं नसतं. त्यातले ७५ टक्के महासंघाच्या तिजोरीत जातात आणि २५ टक्के वसुलीचा खर्च म्हणून नेदरलँड्स ठेवून घेतं. म्हणजे वेशीवरच्या घराला राखणीची मजुरी मिळते. आणि राखणदार झोपला तर? ब्रिटन महासंघात असताना चिनी कापड आणि बूट कागदावर कवडीमोल किंमत दाखवून ब्रिटनच्या बंदरांतून आत येत होते आणि पुढे इतर देशांत जात होते. आमच्या धंद्यात ही कुजबुज बरीच वर्षं होती. महासंघाच्या फसवणूकविरोधी कार्यालयाने हिशेब मांडला, युरोपीय आयोगाने, म्हणजे महासंघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, सुमारे २.७ अब्ज युरो मागितले, आणि ८ मार्च २०२२ ला युरोपीय न्यायालयाने ब्रिटनने कर्तव्यात कसूर केल्याचा निकाल दिला. तोवर ब्रिटन बाहेर पडलेलं होतं, तरी त्याने पैसे भरले. राखणीची मजुरी आहे, जाब विचारणारं न्यायालय आहे, आणि दर सगळ्यांनी मिळून ठरवलेला आहे. म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या सगळ्या भांडणांत, बाहेर पडलेलं ब्रिटन सोडलं तर, सीमाशुल्काची एकी कोणी मोडायला निघालं नाही.

हाच नमुना हातात धरून युरोकडे या. १ जानेवारी १९९९ ला चलन एक झालं, व्याजदर फ्रँकफर्टच्या मध्यवर्ती बँकेत ठरू लागले. कर, खर्च आणि कर्ज मात्र ज्याचं त्याच्याकडे राहिलं. पूर्वी ग्रीसचा माल महाग पडू लागला तर ग्रीस ड्राक्माचं अवमूल्यन करायचा. ते कुंपण गेलं. त्याच्या जागी एक नियम आला: तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ६० टक्क्यांच्या आत. हा नियम सुरुवातीलाच मोडणाऱ्यांत जर्मनी आणि फ्रान्स होते, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये अर्थमंत्र्यांनी त्यांच्यावरची कारवाई थांबवली. मी नुकताच इथे आलो होतो. माझे तेव्हाचे डच वरिष्ठ त्यावर जितके चिडले होते तितके मी त्यांना परत कधी पाहिलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की मोठ्याला सोडलं की धाकट्याला बोलायचा अधिकार जातो. सहा वर्षांनी ग्रीसने आपली तूट आधी सांगितली त्यापेक्षा कितीतरी मोठी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला त्यांचे शब्द आठवले. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचं पहिलं कर्ज द्यावं लागलं.

त्या संकटाची मला जवळून आठवण आहे ती तिळाच्या एका कंटेनरची. २०१५ च्या जून अखेरीस ग्रीसने बँकांवर निर्बंध आणले, एटीएममधून दिवसाला ६० युरो. थेसालोनिकीचा एक व्यापारी आमच्यामार्फत गुजरातचे तीळ घ्यायचा, तिकडे त्याची ताहिनी आणि हलवा होतो. माल रॉटरडॅमला गोदामात पडून, त्याच्या खात्यात पैसेही आहेत, पण परदेशी रक्कम पाठवायला आता बँकेच्या समितीची मंजुरी लागणार. तो रोज फोन करायचा. एके दिवशी म्हणाला, "माझ्या खात्यातला युरो आणि तुमच्या खात्यातला युरो एकच आहे ना? मग माझा युरो सीमेवर का अडकतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोदामाचं भाडं मालाच्या नफ्याएवढं झालं, तेव्हा कुठे मंजुरी आली. नोट एक होती, पण नोटेमागची बँक ग्रीसची होती आणि बँकेमागचं सरकार ग्रीसचं होतं. सगळ्यांची वेस होती, राखणदार एकटा होता.

पुढे दुरुस्त्या झाल्या, नाही असं नाही. २६ जुलै २०१२ ला मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो वाचवायला लागेल ते करू असं सांगितलं आणि बाजार शांत झाला. नोव्हेंबर २०१४ पासून मोठ्या बँकांवरची देखरेख एकत्र झाली. पण ठेवींचा समाईक विमा, ज्याचा प्रस्ताव २०१५ सालचा आहे, तो अजून झालेला नाही. देखरेख सगळ्यांची आणि भरपाई ज्याची त्याची. उत्तरेकडच्या लोकांना वाटतं की विमा केला तर आमच्या बचतीतून दक्षिणेच्या बँका वाचवाव्या लागतील. दक्षिणेला वाटतं की विम्याशिवाय आमचा ठेवीदार संकटाच्या पहिल्याच दिवशी पैसे जर्मनीत हलवेल. दोघांची भीती खरी आहे. मी डच शेजाऱ्यांमध्ये राहतो म्हणून पहिली भीती मला रोज ऐकू येते, आणि त्या तिळाच्या व्यापाऱ्यामुळे दुसरीही मी विसरत नाही.

२०२० मध्ये कोरोनाने ही गाठ थोडी सैल केली. जुलैत नेत्यांनी ७५० अब्ज युरोंचा निधी मंजूर केला, त्यातले ३९० अब्ज अनुदान, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर कर्ज पहिल्यांदाच महासंघाच्या नावावर उचललं. पण ते एकदाच, असं ठरवून. महासंघाचं नेहमीचं अंदाजपत्रक सगळ्या देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या साधारण १ टक्का असतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या तिजोरीशी ते ताडून पाहा, म्हणजे ब्रसेल्सच्या, महासंघाच्या मुख्यालयाच्या, हातात खरोखर किती आहे ते कळेल. द्रागींनीच सप्टेंबर २०२४ च्या अहवालात सांगितलं की अमेरिका आणि चीनच्या मागे पडायचं नसेल तर युरोपला दरवर्षी आणखी ७५० ते ८०० अब्ज युरो गुंतवावे लागतील. एवढा पैसा १ टक्क्याच्या तिजोरीतून येत नाही.

निर्वासितांच्या बाबतीत तर वेस शब्दशः वेस आहे. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी पाच देशांनी आपापसातल्या तपासण्या काढायचं ठरवलं. आश्रयाच्या अर्जाचा नियम असा की माणूस ज्या देशातून पहिल्यांदा आत आला, बहुतेक वेळा त्याच देशाने त्याचा अर्ज पाहायचा. म्हणजे ग्रीस, इटली. राखणीची मजुरी नाही, उलट सगळा भार त्यांच्याच डोक्यावर. २०१५ मध्ये दहा लाखांहून जास्त माणसं आली तेव्हा ग्रीसने आणि इटलीने त्यांना पुढे जाऊ दिलं. मला त्यात नवल वाटलं नाही. मग १,६०,००० लोकांची वाटणी करायचं ठरलं, हंगेरी आणि स्लोव्हाकिया न्यायालयात गेले, २०१७ मध्ये हरले, आणि तरीही ती वाटणी कागदावर ठरली त्याच्या जवळपासही पोहोचली नाही. नवा करार २०२४ च्या मेमध्ये मंजूर झाला. त्यात निर्वासित घ्या, नाही तर पैसे किंवा इतर मदत द्या, अशी सोय आहे. वेशीवरच्या घराला मजुरी द्यायचा हा पहिला प्रामाणिक प्रयत्न मला वाटतो. तो चालेल का, हे ग्रीसच्या बेटांवर कळेल.

तोवर मात्र आतली कुंपणं परत उभी राहू लागली आहेत. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली, डिसेंबरात नेदरलँड्सनेही. माझे ट्रक व्हेन्लो या सीमेवरच्या गावावरून जर्मनीत जातात. खरं सांगायचं तर मालवाहतुकीला त्याचा मोठा फटका बसलेला नाही, बहुतेक ट्रकना कोणी थांबवत नाही. पण वीस वर्षं जिथे सीमा आली कधी आणि गेली कधी ते कळत नव्हतं, तिथे आज पोलिसांचा तंबू आणि दिव्यांचे खांब दिसतात.

राजकारणाकडे वळतो. नेदरलँड्स हा महासंघाच्या सहा संस्थापकांपैकी एक, व्यापारावर जगणारा देश. तरी १ जून २००५ ला इथल्या ६१.५ टक्के मतदारांनी युरोपीय राज्यघटनेला नकार दिला. तीन दिवस आधी फ्रान्सनेही दिला होता. २०२३ च्या निवडणुकीत महासंघातून बाहेर पडण्यासाठी सार्वमत मागणारा पक्ष १५० पैकी ३७ जागा घेऊन पहिला आला. हे लोक अडाणी आहेत किंवा परक्यांचा द्वेष करतात एवढ्यावर हा विषय सोडून देणाऱ्यांशी मी सहमत नाही. रॉटरडॅम आणि हेगच्या मध्ये वेस्टलांड नावाचा भाग आहे, मैलोनमैल काचेची हरितगृहं. मे २००७ पासून पोलंडच्या कामगारांना इथे परवान्याशिवाय काम करता येऊ लागलं. टोमॅटो आणि ढोबळी मिरची त्यांच्या हातांवर उभी आहे. हरितगृहाच्या मालकाला फायदा झाला, पोलिश कामगाराला झाला, मला झाला. पण त्याच गावात भाड्याचं घर शोधणाऱ्या डच तरुणाला काय मिळालं? एका घरात आठ-आठ कामगार ठेवणारे दलाल, आणि नगरपालिकेकडे ना नियम ना पैसा. कुंपण ब्रसेल्समध्ये निघालं आणि त्याचा भार एका गावाच्या नगरपालिकेवर आला. मत द्यायची वेळ येते तेव्हा तो तरुण ब्रसेल्सला धरतो, कारण त्याचे स्वतःचे मंत्रीही तेच सांगतात. चांगलं झालं की आम्ही केलं, वाईट झालं की ब्रसेल्सने लादलं, ही भाषा मी इथे जवळजवळ प्रत्येक सरकारकडून ऐकली आहे. माझ्या मते सगळ्या राजकीय आव्हानांत हे सगळ्यात खोल आहे, आणि पुस्तकात ते सापडत नाही.

पुस्तकात सापडतो तो नकाराधिकार. परराष्ट्र धोरण, कर, नवे सदस्य आणि बहुवार्षिक अंदाजपत्रक यांना २७ च्या २७ देशांची संमती लागते. बाकी बऱ्याच गोष्टी ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या अशा दुहेरी बहुमताने होतात. १४ डिसेंबर २०२३ ला युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचा निर्णय होता. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी तो घेतला. त्याच बैठकीत युक्रेनसाठीचे ५० अब्ज युरो मात्र त्यांनी अडवले, ते १ फेब्रुवारी २०२४ ला सुटले. मोठ्या देशांना नकाराधिकार काढून टाकावासा वाटतो. लहान देशांना तो आपलं एकमेव हत्यार वाटतो. मी स्वतः असं मानतो की परराष्ट्र धोरणात तो मर्यादित व्हायला हवा. पण तो काढायलाही सगळ्यांची संमती लागते, म्हणून महासंघाचे मूळ करार बदलायची वाट पाहण्यापेक्षा पळवाटा शोधूनच काम चालेल.

राखणदाराला जाब विचारायचा प्रश्न इथेही येतो. एखाद्या सदस्य देशाने आपली न्यायालयं सरकारच्या मुठीत घेतली तर? पोलंडवर डिसेंबर २०१७ मध्ये आणि हंगेरीवर सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ७ ची, म्हणजे शेवटी मताधिकार काढून घेता येईल अशी, प्रक्रिया सुरू झाली, पण शेवटच्या पायरीला पुन्हा एकमत लागतं, त्यामुळे ती कोणावरच पूर्ण झाली नाही. पैसा रोखण्याचा नियम २०२० च्या अखेरीस आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे ६.३ अब्ज युरो गोठवले, तेव्हा कुठे दात दिसले. हा प्रश्न व्यापाराला परका नाही. माझा ट्रक बुडापेस्टमध्ये अडकला आणि मला तिथल्या न्यायाधीशावर भरवसा नसेल, तर बाजारपेठ एक आहे याला अर्थ काय?

सुरक्षेबद्दल लिहिताना मला १७ जुलै २०१४ टाळता येत नाही. ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं विमान पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं. २९८ माणसं गेली, त्यातली बहुसंख्य डच. आठवड्याभरात शवपेट्या आइंडहोव्हनला उतरू लागल्या आणि शववाहिकांची रांग हिल्व्हरसमकडे निघाली. मी कामावरून निघून महामार्गावरच्या एका पुलावर जाऊन उभा राहिलो. कठड्याला टेकून शेकडो माणसं उभी होती, कोणी बोलत नव्हतं. समोरच्या बाजूच्या गाड्या आपापल्या थांबल्या. माझ्या शेजारच्या बाईंच्या हातात सूर्यफुलं होती, विमान सूर्यफुलांच्या शेतात पडलं म्हणून. त्या दिवशी मला वाटलं की आता युरोपचं रशियाशी नातं बदलणार. पण पुढच्याच वर्षी बाल्टिक समुद्रातून रशियाचा वायू आणणारी दुसरी मोठी वायुवाहिनी टाकायचा करार झाला. पोलंड आणि बाल्टिक देश विरोध करत राहिले. २०२१ साली महासंघाच्या आयात वायूपैकी सुमारे ४५ टक्के रशियाचा होता. वेशीजवळ राहणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि मधल्या आळीतल्यांनी स्वस्त वायू घेतला. याची किंमत २०२२ मध्ये सगळ्यांनी मोजली. त्या ऑगस्टमध्ये वायूचा दर मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला, आणि त्या हिवाळ्यात वेस्टलांडची कित्येक हरितगृहं अंधारात होती. रात्री विमानातून उतरताना तो भाग नेहमी पिवळ्या उजेडाने भरलेला दिसतो. त्या वर्षी तो काळा दिसला.

संरक्षणात एकी नाही याला इतिहास आहे. १९५० च्या दशकातच समाईक सैन्याचा करार झाला होता आणि ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्या संसदेने तो बाजूला ठेवला. तेव्हापासून राखण नाटोकडे, म्हणजे मुख्यतः अमेरिकेकडे. आता अमेरिका स्पष्ट सांगते की आपलं आपण बघा. जून २०२५ ला हेगमध्ये नाटोने २०३५ पर्यंत संरक्षणावर देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्च करायचं लक्ष्य ठरवलं. पोलंड आधीच ४ टक्क्यांच्या वर खर्च करतो. स्पेनने ५ टक्के देणार नाही असं जाहीर केलं. नकाशा उघडा आणि मॉस्कोपासून दोघांचं अंतर मोजा, कारण तिथेच दिसेल. महासंघाने १५० अब्ज युरोंची शस्त्रखरेदीसाठीची कर्जयोजना मे २०२५ मध्ये मंजूर केली. पण ती कर्जच आहेत, फेडायची ज्याची त्याने.

आमच्या द्राक्षांनाही याचा फटका बसला. २०२३ च्या अखेरीपासून येमेनच्या हूती बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. फेब्रुवारीत मी नाशिकचा एक कंटेनर उघडताना हजर होतो: मणी ठीक होते, पण देठ तपकिरी पडलेले. सुपरमार्केटला देठ हिरवा लागतो; खरेदीदाराने तिथल्या तिथे भाव पाडला. युरोपच्या सगळ्या मोठ्या बंदरांचा आशियातला बराचसा माल लाल समुद्राच्या वाटेने यायचा, आणि महासंघाची आरमारी मोहीम १९ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली तेव्हा तिच्याकडे मोजकीच जहाजं होती. मी त्या नौसैनिकांना नावं ठेवत नाही, त्यांनी जहाजं वाचवली. पण २७ देशांचा व्यापार आणि त्याच्या राखणीला दोन-चार देशांची जहाजं, हे गणित बसत नाही.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण २०२५ च्या डिसेंबरातलं. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे २१० अब्ज युरो महासंघात गोठवलेले आहेत, त्यातला मोठा भाग ब्रसेल्समधल्या एका संस्थेकडे. ते वापरून युक्रेनला कर्ज द्यावं, असा प्रस्ताव होता. बेल्जियमने विचारलं: उद्या रशिया न्यायालयात गेला आणि जिंकला तर पैसे कोण भरणार, मी एकटा? अमर्याद हमी द्यायला बाकीचे तयार झाले नाहीत. शेवटी महासंघाच्या नावावर ९० अब्ज युरो कर्ज काढायचं ठरलं, आणि हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया त्या बोज्यातून बाहेर राहिले. बऱ्याच जणांनी बेल्जियमला स्वार्थी म्हटलं. मला त्याचा प्रश्न रास्त वाटला. तिळाच्या व्यापाऱ्यानेही तोच विचारला होता, इटलीनेही, पोलंडनेही.

विस्ताराबद्दल फार लिहीत नाही. युक्रेन आत आला तर वेसच शेकडो किलोमीटर पूर्वेला सरकेल, आणि शेतीच्या अनुदानाची सगळी वाटणी बदलेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोलिश ट्रकवाल्यांनी युक्रेनची सीमा अडवली तेव्हा आमचा युक्रेनमधल्या ल्विव्हला जाणारा एक कंटेनर सीमेवरच्या दोरोहुस्कजवळ अडकला. शुल्क न भरता पुढे जाणाऱ्या मालाच्या कागदावर पोहोचायची मुदत असते, ती मी दोनदा वाढवून घेतली. युक्रेनला सगळ्यात जास्त शस्त्रं पोहोचली ती पोलंडच्या वाटेने, आणि त्याच पोलंडमधला ट्रकवाला भाड्याच्या दरावरून युक्रेनियन ट्रक अडवत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता फुटण्याबद्दल. मला ते होताना दिसत नाही, आणि त्याचं कारण ब्रिटन आहे. १ जानेवारी २०२१ नंतर इंग्लंडहून फेरीने आलेल्या ट्रकचालकांचे सँडविच डच कस्टम्सने काढून घेतले, कारण त्यात हॅम होतं आणि बाहेरच्या देशातून मांस आणता येत नाही. टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलं. मी त्या महिन्यांत रात्री दोनपर्यंत कागद भरत होतो. आदल्या वर्षीपर्यंत ज्या मालाला एकही कागद लागत नव्हता त्याला सहा-सहा लागू लागले. ब्रेक्झिटचा घोळ सुरू झाल्यापासूनच इटली-फ्रान्समधल्या बाहेर पडा म्हणणाऱ्या पक्षांनी ती मागणी मागे ठेवली आणि आतूनच बदलू असं म्हणायला लागले. त्यामुळे मोडण्यापेक्षा पोकळ होण्याचा धोका मला जास्त वाटतो: सगळे देश आत, पण नियम ज्याला हवा तो पाळणार, सीमेवर तंबू कायमचे, मोठे देश स्वतःच्या पैशाने आपल्या उद्योगांना सांभाळणार. सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीने वायूच्या दरवाढीवर २०० अब्ज युरोंचं कवच जाहीर केलं, तेव्हा बाकीच्यांकडे तेवढा पैसा नव्हता आणि सगळ्यांना हे चित्र दिसलं.

माझा अंदाज कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. फ्रान्समध्ये २०२७ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे. महासंघाचं कामच होऊ न देणारा नेता तिथे आला तर वरचं बरंच काही बदलेल, कारण फ्रान्स म्हणजे हंगेरी नव्हे. युक्रेनचं युद्ध कसं थांबतं यावर पूर्वेकडच्या देशांचा भरवसा ठरेल. आणि अमेरिका किती वेगाने मागे सरकते यावर, युरोपला तयारीला दहा वर्षं मिळतात की तीन, ते ठरेल.

अभ्यासासाठी म्हणाल तर तिन्ही याद्या बाजूला ठेवा आणि प्रत्येक विषयाला ते तीन प्रश्न विचारा: खर्च कोणाचा, जाब कोण घेतं, ठरवतं कोण. आणि एक चालू गोष्ट वर्तमानपत्रात शोधत राहा. २०२८ ते २०३४ च्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव जुलै २०२५ मध्ये आला आहे, जवळपास २ लाख कोटी युरोंचा. त्यात आयोगाने सुचवलंय की सीमाशुल्क गोळा करणाऱ्या देशाने २५ ऐवजी १० टक्केच ठेवून घ्यावेत, बाकी समाईक तिजोरीत द्यावेत. रॉटरडॅममुळे नेदरलँड्सला हे चांगलंच झोंबणार आहे, आणि प्रस्तावाला २७ जणांची संमती लागते. इथले मंत्री त्यावर काय म्हणतात, आणि बदल्यात काय मागतात, ते वाचा. काही अडलं तर विचारा. द्राक्षांचा हंगाम चालू असेल तर उत्तराला थोडा उशीर होईल.